कात्रणाची पाठ

वृत्तपत्रविद्येच्या प्राध्यापकाला महाविद्यालयात दोन कामं असतात. एक शिकवण्याचं आणि दुसरं, जे जास्त महत्त्वाचं समजलं जातं ते, प्रसिद्धी समितीचं. रक्तदान शिबिर, राष्ट्रीय सेवा योजनेचं श्रमदान, मराठी भाषा गौरव दिन, कुणाचा तरी निरोप समारंभ, काहीही झालं की तासाभरात केबिनमधून विचारणा होते, "मॅडम, बातमी गेली का?" बातमी म्हणजे अध्यक्षस्थानी कोण होते, प्रमुख पाहुणे कोण, प्रास्ताविक कुणी केलं, सूत्रसंचालन कुणी केलं आणि आभार कुणी मानले. सकाळच्या तासाला मी सांगते, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इंट्रोत आली पाहिजे. त्याच दुपारी स्टाफरूममध्ये बसून जी प्रेसनोट लिहिते, तिच्या इंट्रोत सगळी महत्त्वाची माणसं येतात. मुलांच्या हे लक्षात येतं. ती काही बोलत नाहीत, कारण आभार मानणाऱ्यांत त्यांचंही नाव असतं.

दुसऱ्या दिवशी या बातम्यांची कात्रणं निघतात. आमचे क्लार्क त्यात वाकबगार. पट्टी लावून, ब्लेडने, एकही अक्षर न दुखवता कापतात, ए-फोर कागदावर मधोमध चिकटवतात आणि खाली निळ्या शाईत दैनिकाचं नाव आणि तारीख घालतात. फाइल नॅकच्या मूल्यांकनासाठी ठेवलेल्या कपाटात जाते. चिकटवण्याआधी ती कात्रणं माझ्याकडे सहीला येतात, तेव्हा मी प्रत्येक उलटून बघते. क्लार्कना वाटतं, मॅडम डाग बघतात.

ही खोड वडिलांमुळे लागली. सोलापुरात ते गिरणीत सायझिंग खात्यात होते. सुताला खळ द्यायची आणि घरी आल्यावर कात्रणांना. मैद्याची खळ आई करून द्यायची, कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद. चिकटवायला गिरणीतली कोरी उरलेली जुनी हजेरीपत्रकं. विषय ठरलेले: बोनस, महागाई भत्ता, उजनीचं पाणी, आणि गिरणी कामगारांबद्दल कुठेही आलेली चार ओळींची का होईना, बातमी. अडचण अशी की पेपर घरात एकच यायचा आणि आईलाही त्यातलंच काहीतरी हवं असायचं. बोनसच्या बातमीमागे लिंबाच्या गोड लोणच्याची कृती निघाली तर काय करायचं? यावर वडिलांनी काढलेला तोडगा मला अजूनही कौतुकाचा वाटतो. ते कात्रणाच्या फक्त वरच्या कडेला खळ लावायचे. मग ते खिडकीच्या झडपेसारखं उचलता यायचं. पुढे वडिलांचं, मागे आईचं. एकाच हजेरीपत्रकात संपाची तारीख आणि मिठाचं प्रमाण.

मी अक्षरं जुळवायला लागले ती या वह्यांवर, आणि मला पुढच्यापेक्षा मागचं आवडायचं. पुढचं कसं, पूर्ण असायचं, मथळ्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत. मागचं कुणी निवडलेलंच नसायचं. कात्री जाईल तिथे ते तुटायचं. सिनेमाच्या जाहिरातीतली नायिका अर्धी, कांद्याचे भाव 'किमान'वर संपलेले, न्यायालयाच्या नोटिशीत प्रतिवादी आहे पण वादी गायब. एका कात्रणामागे 'हरवला आहे' होतं. मुलाचा फोटो हनुवटीखाली कापलेला, अंगात चौकड्यांचा शर्ट इतकं वाचता यायचं आणि पत्ता पलीकडे गेलेला. तो सापडला का, असं मी वडिलांना विचारलं होतं. त्यांना ते तिथे आहे हेच माहीत नव्हतं.

पुढे पुण्यात एका दैनिकात उपसंपादक म्हणून लागले तेव्हा कळलं की वडिलांची अडचण मोठ्या कचेऱ्यांनाही होती, फक्त त्यांनी ती पैशाने सोडवली होती. संदर्भ विभागात प्रत्येक दैनिकाचे दोन अंक यायचे. एक पुढची बाजू कापायला, दुसरा मागची. तिथले काका सकाळी निळ्या पेन्सिलीने चौकोन आखत जायचे, दुपारी कापायचे आणि खाकी पाकिटांत विषयवार भरायचे. पानशेत, कोयना, नामांतर. पाकीट मागितलं की काका ते संपूर्ण द्यायचे. वरचं एक कात्रण काढून दिलं असं कधी झालं नाही.

त्याचं कारण मला किल्लारी भूकंपाच्या पाकिटाने शिकवलं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, चार वाजायला थोडा अवकाश असताना, आमचं सोलापूरचं घरही हललं होतं. गणपती विसर्जनाची रात्र होती, गल्लीतली कितीतरी माणसं नुकतीच अंथरुणाला पाठ टेकत होती. काही वर्षांनी वर्धापनदिनाच्या मजकुरासाठी ते पाकीट माझ्या टेबलावर आलं. पहिल्या दिवशीच्या कात्रणातला मृतांचा आकडा आणि आठवड्यानंतरचा आकडा यांत जमीन-अस्मानाचं अंतर. पुढे तो दहा हजारांच्या घरात गेला. तीव्रता एकीकडे ६.४, दुसरीकडे ६.२. यातलं कुणी खोटं लिहिलं नव्हतं. ज्या तासाला जे कळलं ते लिहिलं होतं, आणि ज्यांची यंत्रं वेगळी त्यांचे आकडे वेगळे. पण दरवर्षी कुणीतरी घाईघाईने वरचं कात्रण उचलतो आणि त्या तासाचा आकडा पुढच्या वर्षीच्या कात्रणात कायमचा जाऊन बसतो. त्याच पाकिटात, ढिगाऱ्याच्या फोटोच्या पाठीवर, विसर्जन मिरवणुकीची अर्धी बातमी होती. ढोलपथकाचं कौतुक चालू असताना कापलेली. पेपर दोन्ही छापतो, एकाच कागदावर, एकाच शाईत. हे मी त्या कात्रणाआधी असं पाहिलं नव्हतं.

आता विभागाबद्दल. दुसऱ्या मजल्यावर भूगोलाच्या शेजारी आमच्या दोन खोल्या. एकीत संगणक, ज्यातले निम्मे चालतात. दुसरीत वर्ग, वर्तमानपत्रांचं स्टँड आणि कात्रणांच्या पाकिटांचं एक स्टीलचं कपाट. मुलं मोहोळहून, अक्कलकोटहून, मंगळवेढ्याहून एसटीने येतात. एसटी चुकली की पहिला तास गेला, हे त्यांनीही आणि मीही मान्य केलेलं आहे. सोलापूर शहरातल्या बऱ्याच जणांच्या घरी तेलुगू, अक्कलकोटकडच्यांच्या घरी कन्नड. वर्गात सगळे मराठीत लिहितात आणि वैतागले की आपापल्या भाषेत. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेली एक मुलगी रेडिओच्या प्रात्यक्षिकात इतक्या मोठ्या आवाजात बोलायची की माइकची गरज नव्हती. दुसरीला पुणे-मुंबईच्या कुठल्या तरी वाहिनीवर जायचं आहे, तिसऱ्याला फक्त पदवी हवी आहे, स्पर्धा परीक्षेला बसायला. हे सगळं एका वर्गात असतं आणि मला ते बरं वाटतं, कारण वाचकही असाच असतो.

दुसऱ्या वर्षाला कात्रणवही हा अंतर्गत गुणांचा भाग आहे. स्वतःच्या छापून आलेल्या मजकुराची कात्रणं लावायची. पहिलं कात्रण बहुतेकांचं वाचकांच्या पत्राचं असतं. ते लॅमिनेट करून आणणारे दरवर्षी निघतात. लॅमिनेट करू नका असं मी सांगते. न्यूजप्रिंटच्या लगद्यात लिग्निन तसंच राहिलेलं असतं, तो कागद उजेडाने आणि हवेने पिवळा पडणारच, प्लॅस्टिकमध्ये घातला तरी पडणार. पण लॅमिनेट केलेलं कात्रण आईने देवघराशेजारी टांगलेलं असतं. तिथे लिग्निनचं कोण ऐकतं?

काही वर्षांपूर्वी सांगोल्याकडचा एक मुलगा होता. वर्गात सगळ्यांच्या आधी तो वार्ताहर झाला होता, म्हणजे तालुक्याच्या गावातून एका दैनिकाला बातम्या पाठवायचा. नियुक्तिपत्र नाही, पगार नाही, छापून आलेल्या मजकुराचं कॉलम सेंटिमीटरवर मानधन. महिनाअखेरीला सगळी कात्रणं एका लांब कागदावर खालोखाल चिकटवायची, फूटपट्टीने मोजायची आणि बिल म्हणून पाठवायची. त्याच्या कात्रणवहीत म्हणूनच सगळ्या बातम्या मथळ्यापासून शेवटापर्यंत अगदी कडेला कापलेल्या. पांढरी जागा मोजली जात नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्यातली एक बातमी चांगली होती. गावाला येणाऱ्या पाण्याच्या टँकरच्या खेपांबद्दल. नोंदवहीत जितक्या खेपा दाखवल्या होत्या, तितक्या गावात पोहोचत नव्हत्या. त्याने बायकांना विचारलं होतं, चालकाला विचारलं होतं, ग्रामपंचायतीची बाजू घेतली होती. दोन ओळी कापता आल्या असत्या. ते सोडलं तर मला हात लावायला काही नव्हतं. मी सवयीने कात्रण उलटं केलं. मागे सरपंचांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. फेटा, गॉगल, खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग, कात्रीने अर्धी केलेली.

"ही जाहिरात कुणी आणली?" मी विचारलं.

"मीच की, मॅडम."

"एकाच दिवशी?"

"जाहिरात आधीच ठरली होती. बातमी त्या दिवशी लागली." तो थोडा थांबला. "पुढच्याचे पैसे सेंटिमीटरवर मिळतात, मागच्याचे कमिशनवर. मागच्याचे जास्त."

मग त्याने समजावून सांगितलं, जणू मी विद्यार्थिनी होते. वर्धापनदिनाची पुरवणी, दिवाळी, पंधरा ऑगस्ट, प्रत्येकाला जाहिरातीचं उद्दिष्ट असतं. ते पुरं झालं नाही तर बातम्या लागेनाशा होतात. सरपंचांनी जाहिरातीचे पैसे दिले का? नाही दिले. बातमी आल्यावर कसे देतील? ते त्याच्या हिशेबात वळते झाले. म्हणजे टँकरच्या बातमीचं मानधन आणि वर थोडं, असं त्यानेच दिलं होतं. तो हे हसत सांगत होता, वर्गातली मुलंही हसली, आणि मला हसू आलं नाही असं नाही.

माध्यमांच्या अर्थकारणावर मी आठ तासांचं एक प्रकरण शिकवते. मालकी, खप, जाहिरातीचं उत्पन्न, अंकाची किंमत आणि उत्पादनखर्च. त्या मुलाच्या हातातल्या कागदाच्या दोन बाजूंत ते सगळं होतं, शिवाय एक गोष्ट जास्त, जी माझ्या प्रकरणात नव्हती: दोन्ही बाजूंना माणूस एकच असतो. जाहिरात विभाग वेगळा, संपादकीय विभाग वेगळा, मध्ये भिंत, हे पुस्तकातलं चित्र शहरातल्या कचेरीत कदाचित खरं असेल. तालुक्याला ती भिंत त्याच्या मोटरसायकलवर बसलेली असते. त्याला नीतिमत्ता शिकवण्याच्या भानगडीत मी पडले नाही. गुण मात्र दिले, पूर्ण. पुढे तो पतसंस्थेत लागला.

६ जानेवारीला आमच्याकडे पत्रकार दिन होतो. बाळशास्त्री जांभेकरांच्या प्रतिमेला हार, शहरातल्या एखाद्या संपादकांचं भाषण, १८३२ साली निघालेल्या 'दर्पण'च्या पहिल्या पानाची झेरॉक्स फळ्यावर, शेजारी मुलांनी काढलेला भित्तिपत्रकाचा अंक. दोन भाषांत निघणारं 'दर्पण' बघून आमच्या तीन भाषांच्या वर्गाला काही विशेष वाटत नाही. महिनाअखेरीला, ३१ जानेवारीला, मी 'मूकनायक'वर एक तास घेते. १९२० साली बाबासाहेबांचं हे पाक्षिक निघालं तेव्हा पैसे देऊ केले असतानाही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापायला नकार दिला, असं धनंजय कीर यांनी चरित्रात लिहिलं आहे. हा तास मी कपाट उघडून घेते. एवढी पाकिटं आहेत, यात या नकाराचं कात्रण शोधा, म्हणते. दोन-तीन मुलं खरंच शोधायला लागतात. मग कुणीतरी म्हणतं, "मॅडम, छापलंच नाही तर कात्रण कुठनं येणार?" त्यानंतर मी फार बोलत नाही. जे छापलं गेलं नाही त्याच्या दोन्ही बाजू कोऱ्या असतात, आणि आमचं कपाट त्या कागदांनी भरलेलं नाही, एवढं त्यांना दिसलं तर तास झाला.

हल्ली कात्रणं फोनवर येतात. कुटुंबाच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, विद्यार्थ्यांच्या ग्रुपवरही. त्यातली काही कधी कुठल्या पेपरात छापलेलीच नसतात. मथळा आणि मजकूर टाकला की पिवळट कागदावरचं कात्रण तयार करून देणाऱ्या साइट आहेत. ती ओळखायला आम्ही वर्गात खेळ खेळतो. डेटलाइन आहे का? 'प्रतिनिधी' की 'वृत्तसंस्था'? हा टंक त्या दैनिकाचा आहे का? कॉलमची रुंदी बरोबर? शेजारच्या बातमीचं एखादं अक्षर कडेला डोकावतंय का? खोट्या कात्रणाला शेजार नसतो. खऱ्या ई-पेपरच्या कात्रणालाही तो नसतोच म्हणा. बोट फिरवलं की चौकोन निघतो, त्यावर दैनिकाचं नाव आणि तारीख यंत्रच छापून देतं. आमच्या क्लार्कची निळी शाई वाचली. तारखेची चूक आता होत नाही, हे चांगलंच आहे, मी त्याविरुद्ध नाही. फक्त ते उलटता येत नाही.

म्हणून या वर्षी कात्रणवहीचा नियम बदलला. कात्रण नको, अख्खं पान आणा, पुढची-मागची दोन्ही बाजू, आणि आपल्या बातमीबरोबर त्या पानांवर आणखी काय काय होतं याची एक यादी. घरात पेपर येत नसेल त्यांच्यासाठी दोन-दोन अंक विभागात ठेवले. मुलांनी कुरकुर केली, ती अपेक्षित होती. खरी तक्रार कार्यालयातून आली. क्लार्क पानांचा गठ्ठा घेऊन वर आले, टेबलावर ठेवला.

"मॅडम, हे ए-फोरच्या फायलीत बसंना झालंय. नॅकवाल्यांना काय दाखवायचं?"

"घडी घाला."

"घडी घातल्यावर आपल्या कॉलेजची बातमी आत जाती की ओ."