समोरचे दुकान

न्हाव्याच्या दुकानावर कोणी चित्रपट काढावा आणि तो चालला म्हणून त्याचा दुसरा भागही काढावा, ही गोष्ट आमच्या घरात प्रथम कोणास खरी वाटेना. पण अमेरिकेत ती घडली आहे. २००२ साली ‘बार्बरशॉप’ नावाचा विनोदी चित्रपट तेथे आला आणि २००४ साली ‘बार्बरशॉप २ : बॅक इन बिझनेस’ हा त्याचा उत्तरार्ध निघाला. चिरंजीवांच्या कृपेने तो परवा आम्ही घरबसल्या पाहिला. शिकागोच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीयांची ती बोली. ती चिरंजीवांनाही अर्धीमुर्धीच उमगत होती. परंतु कथा समजण्यास काही अडले नाही, कारण ती थेट आमच्या उधन्यातली होती!

केल्व्हिन नावाच्या गृहस्थाचे वडिलार्जित केशकर्तनालय असते. तेथे केस कापण्यापेक्षा गप्पाच अधिक चालतात. एडी नावाचा एक वृद्ध कारागीर तर कातरीपेक्षा जीभच जास्त चालवतो. अशा या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, एका बड्या साखळी-दुकानाची झगमगीत शाखा उघडू लागते. केल्व्हिन घाबरतो, आपलेही दुकान तसेच करावे म्हणून धडपडतो. त्यातच जमिनी घेऊन इमारती बांधणारे आणि त्यांना सामील असलेले पुढारी येतात. शेवटी केल्व्हिन नगरसभेत उभा राहून मनातले बोलतो. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर दंगली उसळल्या, तेव्हा एडीने हे दुकान कसे राखले, हेही मधूनच येते. आणि हसता हसता आपण एकदम गप्प होतो.

आता आमच्या समोरच्या दुकानाकडे वळू. तापी खोऱ्यातून सुरतेस येणाऱ्या आगगाडीने खानदेशातील माणसे पिढ्यानपिढ्या येथे आणून सोडली. कोणी मागावर लागला, कोणी रंगाईच्या कारखान्यात. पोटामागे माणसे आली, तशी माणसांमागे धोकटीही आली. नंदुरबारकडचे एक कारागीर, ज्यांना आमची सारी गल्ली ‘नाना’ म्हणते, ते तरुणपणी येथे आले तेव्हा भिंतीला खिळा ठोकून आरसा टांगीत आणि पोत्यावर गिऱ्हाईक बसवीत. पुढे टपरी झाली, मग चाळीच्या तळमजल्यावर भाड्याचा गाळा. दोन खुर्च्या, समोरासमोर आरसे, तुरटीचा खडा, आणि मुलांसाठी खुर्चीच्या हातांवर आडवी टाकायची फळी. त्या फळीवरून खाली खुर्चीत बसण्याचा मान मिळाला, त्या दिवशी आमचे चिरंजीव दोन बोटे उंच होऊन घरी आले होते.

आमच्यासारख्या घरांना नानांच्या दुकानाने जे दिले, त्याचा दर त्या फळ्यावर कधीच लिहिलेला नव्हता. मुले गुजराती शाळेत, आता तर इंग्रजी शाळेत. घरात आई बोलते ती मराठी त्यांना येते. पण ती जेवणाखाण्याची, अभ्यासाची आणि रागावण्याची मराठी. पुरुषांनी एकमेकांची टर कशी उडवावी, निवडणुकीवर वाद घालून पुन्हा एकाच कपातला चहा कसा वाटून घ्यावा, कोणाची ‘बिनपाण्याची’ झाली म्हणजे नेमके काय झाले, हे शिकवणारी शाळा एकच होती. तेथे कोणी अहिराणीत ‘शे’ म्हणे, गुजराती शेजारी ‘छे’ म्हणे, आणि दोघांनाही आपण वेगळी भाषा बोलतो आहोत याची दाद नसे. लग्नाची स्थळे तेथे कळत, गावाकडच्या पावसाची बातमी तेथे पोचे. २००६ च्या ऑगस्टात तापीच्या पुराने शहर बुडाले, त्यानंतर कोणाचे काय गेले याची पहिली खबर आम्हांस घरी नव्हे, त्या खुर्चीत मिळाली.

दोन वर्षांपूर्वी रस्त्यापलीकडे काचेचे दार लागले. आत गारवा, फिरत्या खुर्च्या, मोबाइलवरून वेळ ठरवण्याची सोय. नानांचा धाकटा मुलगा तेथेच पगारावर काम करतो, यातच सर्व आले. आमचे चिरंजीवही तेथेच जातात. एकदा त्यांच्यासोबत आम्हीही जाऊन बसलो. सगळे स्वच्छ, सगळे नेमके आणि सगळे मुके. गिऱ्हाईकाच्या कानात बोंडे, कारागिराचे दोनच प्रश्न, तेही हिंदीत: किती बारीक, आणि डोक्याला मालिश हवे का.

तरीही त्या काचेच्या दाराला नुसत्या शिव्या देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. जुन्या वस्तऱ्याविषयी गळा काढताना त्याची दुसरी धारही पाहावी. अमेरिकेत कृष्णवर्णीयांची ही दुकाने गप्पांचे अड्डे झाली, त्याचे एक कारण असे की गोऱ्यांच्या दुकानात त्यांना बसू देत नसत. गांधीजींना हाच अनुभव प्रिटोरियात आला. तेथील गोऱ्या न्हाव्याने नकार दिल्यावर त्यांनी यंत्र विकत घेऊन आरशासमोर स्वतःच केस कापले आणि कोर्टात मित्रांचे हसू सोसले. पण आत्मकथेत हे सांगताना त्यांनी त्या गोऱ्यास दोष दिला नाही. आपणही आपल्या न्हाव्यांना अस्पृश्यांचे केस कापू देत नाही, हे त्यांनी तेथेच नोंदवले. खेड्यातल्या बलुत्यात ही अट होती. सुरतेच्या गाळ्यात नानांनी ती कधी पाळली नाही. पैसे दिले की खुर्ची, मग कोणीही असो. काचेच्या दारातही कोणी जात विचारीत नाही. एवढे त्याच्या पदरात घालावेच लागेल.

नावाचीही एक गंमत आहे. आपल्याकडे २००९ साली इरफान खान यांचा ‘बिल्लू’ आला. त्याचे मूळ नाव ‘बिल्लू बार्बर’. व्यावसायिकांच्या संघटनेने आक्षेप घेतला म्हणून ‘बार्बर’ गळाले. तिकडे जो शब्द अभिमानाने नावात मिरवतो, तोच इकडे खुपतो. ज्यांनी तो शब्द शिवीसारखा ऐकला आहे त्यांना तो खुपणारच. बाहेरच्याने त्यांना समजूत घालू नये. नानांच्या पाटीवर ‘केशकर्तनालय’ आहे आणि समोरच्या पाटीवर ‘हेअर स्टुडिओ’.

गेल्या आठवड्यात खुर्चीत बसल्या बसल्या आम्ही नानांना चित्रपटाची सारी हकीकत सांगितली. ते मन लावून ऐकत होते. दुपारची वेळ, धाकटा रस्ता ओलांडून डबा खायला बापाच्याच दुकानात आला होता, तोही ऐकू लागला. समोरचे बडे दुकान, पुढारी, नगरसभेतले भाषण, सगळे सांगून झाल्यावर नानांनी एकच प्रश्न केला.

“त्याच्या दुकानाची जागा कोणाची?”

“त्याचीच. वडिलांकडून आलेली.”

“मग त्याला कसली काळजी?” नाना म्हणाले. “समोरच्यानं गिऱ्हाईक नेलं तर निम्मं नेईल. म्हातारी माणसं येतातच. पण मालक चाळ पाडायची म्हणतोय. दिवाळीनंतर गाळा राहतो की नाही, ते पाहायचं.”

हे आम्हांस ठाऊक नव्हते. धाकटा भाकरीचा तुकडा मोडीत म्हणाला, “मी म्हणतो, समोर या. एक खुर्ची मिळेल. मी बोललोय.”

“आणि तिथं गप्प बसू?”

धाकट्याने उत्तर दिले नाही. तेव्हा काहीतरी बोलावे म्हणून आम्ही पहिल्या भागाची गोष्ट काढली: त्यात केल्व्हिन वैतागून दुकान एका सावकाराला विकून टाकतो, मग पस्तावतो आणि खटपट करून ते परत मिळवतो.

“किती दिवसांत?”

“एका दिवसात.”

नाना मोठ्याने हसले, धाकटाही हसला. “सिनेमाच तो,” असे म्हणून त्यांनी वस्तऱ्यात नवे पाते घातले आणि आम्हांस मान खाली घालण्यास सांगितले.