अर्ज उघडा, फाईल बंद

माहितीच्या अधिकारात टाकलेला अर्ज ज्याच्या कामाबद्दल असतो त्याच्याच हातात जाऊन पडतो, हे मी अनेकांकडून ऐकलं होतं. आमच्या ओसरीवर ते घडलं तेव्हा मी तिथेच बसलो होतो. तो राग अजून गेलेला नाही.

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. एस.टी.त कंडक्टर होते. रात्री डेपोत तिकिटांचा हिशेब द्यायचा, रोकड भरायची आणि मगच घर गाठायचं, असा त्यांचा सगळा जन्म गेला. गावातल्या नव्या काँक्रीट रस्त्याच्या कडा पहिल्याच पावसाळ्यात ढासळल्या तेव्हा इतरांनी शिव्या घातल्या. आप्पांनी हिशेब मागितला. जोडपत्र 'अ', दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि आपल्या राज्याच्या 2012 च्या नियमाप्रमाणे एकच विषय, तोही दीडशे शब्दांत. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका म्हणजे एम.बी. आणि अंतिम बिल, एवढ्यांच्या प्रती हव्यात. तालुक्याच्या ठिकाणी जाऊन त्यांनी अर्ज दिला, पोच घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कंत्राटदाराचा माणूस आला. पलीकडच्या वाडीतला, ओळखीचा, वयाने माझ्याएवढा. काकूंनी चहा ठेवला. तो पावसाबद्दल बोलला, सोयाबीनच्या भावाबद्दल बोलला. मग त्याने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून खाटेवर पसरला. आप्पांच्या अर्जाची झेरॉक्स होती ती. आप्पांची सही, घराचा पत्ता, मोबाईल नंबर, वर कार्यालयाचा आवक शिक्का.

"आप्पा, रस्त्याचं काही असलं तर आम्हाला सांगायचं. आपण काय परके आहोत? या वयात हापिसात हेलपाटे कशाला?"

आवाज चढला नाही, धमकी दिली नाही. जाताना कागद तिथेच ठेवून म्हणाला, "राहू द्या तुमच्याकडं. आमच्यापाशी आणखी हाय."

त्या शेवटच्या वाक्यावर मी किती वेळा परत आलो असेन. ज्या कार्यालयाला एम.बी.ची पानं काढून द्यायला कायद्याने दिलेले तीस दिवस पुरले नाहीत, त्याने आप्पांचा अर्ज एका दिवसात वाडीवर पोचवला. म्हणजे कागद हलवायची ताकद तिथे आहे. प्रश्न कोणता कागद कुणाकडे हलतो एवढाच आहे.

काकू त्या रात्री झोपल्या नाहीत. अर्ज मागे घ्या म्हणाल्या. त्यांना भित्र्या म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनींचे गैरव्यवहार माहिती अधिकारातून बाहेर काढत होते. 13 जानेवारी 2010 रोजी सकाळी घराबाहेर पडले असताना त्यांचा खून झाला. ती बातमी गावोगावी पोचली आणि लोकांच्या मनात राहिली. भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने 2014 मध्ये मंजूर केला, पण तो अमलात आणायचं कोणत्याही सरकारने मनावर घेतलं नाही.

आप्पांनी अर्ज मागे घेतला नाही. ते कार्यालयात गेले आणि झेरॉक्स बाहेर गेलीच कशी, असं विचारलं. उत्तर मिळालं, "कलम 11. त्रयस्थ पक्षाला कळवावं लागतं." हे कलम मी नंतर अनेकदा वाचलं. मागितलेली माहिती त्रयस्थाची असेल, त्याने ती गोपनीय मानलेली असेल आणि कार्यालय ती देणार असेल, तर पाच दिवसांत त्याला लेखी नोटीस द्यायची, त्याने दहा दिवसांत म्हणणं मांडायचं. अर्जदाराचा पत्ता आणि मोबाईल नंबर खिशात घालून द्यावा, असं त्यात कुठेही नाही. शिवाय एम.बी. त्रयस्थाची कशी? ती सरकारी अभियंत्याने सरकारी पैशाच्या कामाची लिहिलेली वही आहे. उलट कलम 6(2) सांगतं की अर्जदाराकडून संपर्कापुरत्या तपशिलापलीकडे काही मागू नये. कोलकाता उच्च न्यायालयाने 2013 मध्ये तर पोस्ट बॉक्स क्रमांक दिला तरी पुरे, असं म्हटलं होतं. मला वाटतं प्रत्येक अर्जदाराने तेच करावं. निदान मोबाईल नंबर तरी लिहू नये.

पुढचं सगळं नेहमीच्याच वाटेने गेलं. माहिती नाकारल्याचं पत्र, पहिलं अपील, सुनावणीची तारीख पुढे, मग आयोगाच्या खंडपीठाकडे दुसरं अपील. राज्य माहिती आयोगापुढच्या थकीत प्रकरणांचा आकडा अलीकडच्या वर्षांत एक लाखाच्या वर गेलेला आहे.

मधल्या काळात आप्पांना कुणीतरी सोमवारची वाट सांगितली. दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असं शासनाचं 2018 चं परिपत्रक आहे. आप्पा गेले. तिथल्या एका तरुण लिपिकाने, साहेब बाहेर असताना, एम.बी. पुढे ठेवली. रस्त्याची जाडी अंदाजपत्रकाइतकीच, सेंटिमीटरसुद्धा कमी नाही. ढासळलेल्या कडेला पट्टी लावली तर भरते त्याच्या निम्मी. वही उघडून दाखवली म्हणजे काम उघडं पडलं असं नाही, हे तेव्हा कळलं. वही घेऊन रस्त्यावर जावं लागतं.

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने नेमकं हेच केलं होतं. डिसेंबर 1994 मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना इथे जनसुनवाई भरवून त्यांनी मस्टर गावासमोर मोठ्याने वाचलं. कामावर कधी न गेलेल्यांची नावं मस्टरवर निघाली आणि ती नावं ओळखणारी माणसं समोर बसलेली होती. नावं झाकली असती तर चोरी सापडलीच नसती.

आणि तरीही नावांबद्दल माझं मन पूर्वीसारखं ठाम राहिलेलं नाही. त्याला कारण आमच्याच गावचा फलक.

त्या वर्षी संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या लाभार्थ्यांची यादी फलकावर लागली. अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील स्वतःहून जाहीर करावा, असं माहिती अधिकाराचं कलम 4 सांगतं, त्यामुळे यादी लावणं बरोबरच होतं. पण यादीत मोबाईल नंबर होते, बँक खात्यांचे क्रमांक होते आणि शेवटचा रकाना 'पात्रतेचं कारण'. कुणापुढे परित्यक्ता, कुणापुढे क्षयरोग. एका तरुण बाईपुढे एचआयव्ही, जे तिने माहेरीही सांगितलं नव्हतं. 2017 च्या एचआयव्हीविषयक कायद्याने हे संमतीशिवाय उघड करता येत नाही. तिने फलकाकडून जाणारा रस्ता सोडला, मग गाव सोडलं. कंत्राटदाराची वही 'त्रयस्थाची' म्हणून कुलपात ठेवणाऱ्या याच यंत्रणेला तिच्या आजाराच्या बाबतीत कुणी त्रयस्थ आठवला नाही.

माहिती अधिकाराच्या कायद्यात दिल्लीत झालेला बदल म्हणूनच मला बोचतो. कलम 8(1)(ञ) प्रमाणे खाजगी माहिती नाकारायला अटी होत्या: तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसावा, किंवा ती दिल्याने कुणाच्या खाजगीपणावर अकारण घाला यावा, आणि व्यापक जनहित असेल तर तीही द्यावी. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने या अटी काढून 'वैयक्तिक माहिती' एवढेच शब्द ठेवले. कलम 8(2) मधली जनहिताची तरतूद उरली आहे, पण ती वापरायची की नाही हे टेबलामागचा माणूस ठरवणार. अभियंत्याची सही वैयक्तिक, कंत्राटदाराचं नाव वैयक्तिक, असं उद्या लिहून आलं तर आप्पांनी आणखी किती पायऱ्या चढायच्या? आणि त्या बाईची यादी या बदलाने खाली उतरेल, असंही मला वाटत नाही. तिच्यासाठी अपील करणारं कोणी नव्हतं.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आप्पा उभे राहिले आणि स्वतःचा अर्ज त्यांनी नाव-पत्त्यासकट वाचला. मग एम.बी.तली जाडी सांगितली आणि पट्टी पुढे धरली. एरवी सह्या करून उठणारी माणसं बसून राहिली. मागच्या बायकांनी गटाराच्या कामाचंही विचारलं. महिनाभरात रस्त्याच्या कडा पुन्हा भरून मिळाल्या. पोस्ट बॉक्सच्या आडून हे झालं नसतं, हे मला मान्य करावं लागतं. "नाव झाकून हिशेब मागायचा म्हणजे मीच चोर," असं आप्पा म्हणतात. काकूंना ते आजही पटत नाही. संध्याकाळी अनोळखी मोटारसायकल दारात थांबली की त्या आधी आप्पांना आत पाठवतात आणि मग दार उघडतात.

आप्पांनी आता निराधारांच्या यादीबद्दल लेखी मागणी केली आहे: नाव आणि रक्कम ठेवा, कारणाचा रकाना, फोन आणि खाते क्रमांक काढा. फोन नंबरांवर पांढरी पट्टी चिकटवली गेली. कारणाच्या रकान्यासाठी वरचा आदेश आणा, असं त्यांना सांगण्यात आलं आहे.