पुत्र आणि शिष्य

माणसाने सर्वत्र विजयाची इच्छा धरावी, परंतु पुत्राकडून आणि शिष्याकडून पराभव इच्छावा, असे आपल्याकडचे एक जुने सुभाषित सांगते. आणि मॅक्स बॉर्न या जर्मन पदार्थविज्ञानशास्त्रज्ञाचे चरित्र वाचताना, या पराभवाचा हिशेब पुढे कोठवर जातो ह्याची त्या सुभाषितकाराला कल्पना तरी असेल काय, अशी शंका मला वारंवार येते. शिष्यांच्या हातून होणारा तो सुखद पराभव बॉर्न यांच्या वाट्याला जितका आला तितका दुसऱ्या कोणा अध्यापकाच्या वाट्याला क्वचितच आला असेल. 1921 पासून 1933 पर्यंत गॉटिंगेन विद्यापीठात ते प्राध्यापक होते, आणि त्या बारा वर्षांत पाउली, हायझेनबर्ग, ओपेनहायमर, वाइसकोप्फ, मारिया गोएप्पर्ट अशी एकाहून एक तेजस्वी मुले, कोणी सहायक म्हणून तर कोणी विद्यार्थी म्हणून, त्यांच्या हाताखालून गेली. 1925 साली तरुण हायझेनबर्गने एक विलक्षण पण चाचपडत लिहिलेला निबंध त्यांच्या हाती ठेवला, तेव्हा त्यातील चमत्कारिक गुणाकार हा गणितज्ञांना ठाऊक असलेल्या सारण्यांचाच गुणाकार होय, हे ओळखले ते बॉर्न यांनी. त्याला शास्त्राची सुबक चौकट दिली तीही त्यांनी आणि त्यांचा शिष्य योर्डान याने. पण 1932 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले एकट्या हायझेनबर्गला. गॉटिंगेनला तिघांनी मिळून केलेल्या कामाचे श्रेय आपण एकट्याने घ्यावे याची खंत त्याने गुरूला पत्र लिहून कळवली, हे त्याच्या सौजन्याला शोभणारे झाले. बॉर्न यांना मात्र तो मान मिळण्यास 1954 साल उजाडावे लागले, आणि त्या वेळी त्यांचे वय एकाहत्तर होते.

स्वभावाने ते भिडस्त होते. ओपेनहायमर चर्चासत्रात इतरांना बोलू देत नसे, खुद्द प्राध्यापकांच्या हातातील खडू घेऊन फळ्यावर स्वतः लिहू लागे. तेव्हा मुलांनी, आवर घातला नाही तर आम्ही येणार नाही, अशा आशयाचा अर्ज बॉर्न यांच्याकडे दिला. शिष्याला तोंडावर बोलण्याचा धीर त्यांना होईना. त्यांनी ओपेनहायमरला भेटीस बोलावले, तो अर्ज टेबलावर त्याच्या नजरेस पडेल असा ठेवला, आणि काही निमित्त काढून ते खोलीबाहेर गेले. परत येऊन पाहतात तो शिष्याचा चेहरा उतरलेला! शिक्षकाच्या अंगी असा संकोच असावा की नसावा, यावर वाद होऊ शकेल; मला तो आवडतो.

1933 च्या एप्रिलमध्ये जर्मनीच्या नव्या राजवटीने यहुदी वंशाच्या सरकारी नोकरांना दूर करणारा कायदा केला, आणि त्याच महिन्यात बडतर्फीच्या यादीतील आपले नाव या प्राध्यापकांना वृत्तपत्रात वाचावे लागले. मे महिन्यात ते देश सोडून दक्षिण टिरोलच्या डोंगरात गेले. मुलगा गुस्टाफ तेव्हा अकरा वर्षांचा होता. पुढे केंब्रिजला तात्पुरती नोकरी मिळाली. तिची मुदत सरत आली तेव्हा चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या निमंत्रणावरून 1935-36 च्या हिवाळ्यात ते बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत येऊन राहिले. रामन यांनी त्यांच्या कायमच्या नेमणुकीसाठी खटपट केली, पण सभेत एका इंग्रज प्राध्यापकाने या परदेशी माणसाविषयी असे काही अनुदार उद्गार काढले की बॉर्न घरी येऊन पत्नीजवळ रडले. हे त्यांनी स्वतःच आपल्या आठवणींत नमूद केले आहे. अखेर 1936 साली एडिंबरोने त्यांना आपल्या विद्यापीठातील टेट अध्यासनावर बसवले, आणि महायुद्ध सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, 31 ऑगस्ट 1939 रोजी, ते ब्रिटिश प्रजाजन झाले.

एडिंबरोला त्यांचा विभाग तळघरात होता. सकाळी ते येत, टेबलाभोवती बसलेल्या मंडळींपैकी एकेकाजवळ थांबत, आणि कालपासून काय केलेत व आज काय करणार, एवढे दोनच प्रश्न विचारत. दरबार लहान, पण त्यात जर्मन निर्वासित होते, चिनी विद्यार्थी होते, आणि क्लाउस फुक्स नावाचा एक अबोल, अत्यंत हुशार तरुण होता. अण्वस्त्राच्या कामात हात घालण्यास बॉर्न यांनी नकार दिला. शिष्यांचे तसे नव्हते: ओपेनहायमर आणि वाइसकोप्फ अमेरिकेच्या बॉम्बसाठी लॉस अॅलॅमॉसला राबले, फुक्सही तेथे पोचला व तेथील गुपिते त्याने रशियाला पोचवली, आणि पेंग हुआनवू व चेंग काइजिया हे मायदेशी परतून पुढे चीनच्या अण्वस्त्रांचे शिल्पकार झाले. म्हणजे तीन महासत्तांच्या शस्त्रागारांत या एका शांतताप्रिय माणसाची विद्या पोचली. ही मुले अधिक शहाणी असती तर कमी हुशार असली तरी मला चालले असते, अशा आशयाचे त्यांनी उतारवयात लिहिले आहे, आणि त्यात दोषारोपापेक्षा विषाद अधिक आहे.

शिष्यांना त्यांनी गणित दिले. त्या गणिताचे काय करू नये हे सांगण्याचा अधिकार गुरूला असतो की नाही, याचा निवाडा त्यांनी आपल्यापुरता कधी केला असेल असे मला वाटत नाही. पित्याचा अधिकार मात्र त्यांनी बजावला. युद्ध येणार हे त्यांना स्पष्ट दिसत होते, म्हणून त्यांनी गुस्टाफला सल्ला दिला की, तू वैद्यक शीक, वैद्याला कोणाचा जीव घ्यावा लागत नाही. मुलाने ऐकले. एडिंबरोहून पदवी घेऊन तो लष्कराच्या वैद्यकीय पथकात रुजू झाला, आणि युद्ध संपल्यावर नेमणुकीच्या ओघात हिरोशिमाला पोचला. बॉम्बातून वाचलेली माणसे तेथे रक्तस्रावाने दगावत होती, कारण किरणोत्सर्गाने अस्थिमज्जा निकामी होऊन त्यांच्या रक्तातील बिंबिका, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या सूक्ष्म पेशी, घटल्या होत्या. वडिलांच्या शिष्यांनी केलेल्या कामाचा परिणाम मुलाने रुग्णशय्येपाशी उभे राहून पाहावा, असा प्रसंग एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर आपण त्याला अतिरंजित म्हटले असते.

1953 मध्ये निवृत्त होऊन बॉर्न पतिपत्नी जर्मनीला, बाड पिर्मोंट या गावी परतली. ब्रिटनमधील नोकरी कमी वर्षांची, त्यामुळे तेथले निवृत्तिवेतन तुटपुंजे. जर्मनीतला हक्क तेथे राहिले तरच उपभोगता येई. शिवाय पत्नी हेडविग क्वेकर पंथाची होती आणि पिर्मोंट हे त्या पंथाचे गाव. जुने मित्र आइनस्टाइन यांना हा निर्णय रुचला नाही, आणि तुम्ही आपल्या आप्तांच्या मारेकऱ्यांच्या देशात परत जात आहात, असे त्यांनी पत्रात स्पष्ट लिहिले. पण ज्या देशाने हाकलले त्याच देशात राहून बॉर्न यांनी 1957 साली, जर्मन सैन्याला अण्वस्त्रे देऊ नयेत अशी मागणी करणाऱ्या अठरा शास्त्रज्ञांच्या पत्रकावर सही केली, ती सही लंडनहून वा एडिंबरोहून केली असती तर तिला एवढे वजन आले नसते, असे मला वाटते.

1959 साली एमिल वोल्फ या तरुण सहकाऱ्याबरोबर लिहिलेला त्यांचा प्रकाशशास्त्रावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हिरोशिमात मनात रुजलेला बिंबिकांचा विषय गुस्टाफने सोडला नव्हता. 1962 साली त्याने प्रकाशाच्याच साहाय्याने बिंबिकांचे गोळा होणे मोजण्याची एक युक्ती प्रसिद्ध केली. बिंबिका विखुरलेल्या असतात तोवर रक्तद्रव गढूळ दिसतो व त्यातून प्रकाश कमी जातो. त्या एकमेकींना चिकटून गोळा झाल्या की द्रव निवळतो आणि प्रकाश अधिक पार होतो, तेवढा फरक नोंदवायचा. पिता तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावर होता. रक्तस्रावाचे आणि गुठळ्यांचे विकार तपासणाऱ्या प्रयोगशाळांतून या तत्त्वावरची उपकरणे आजही चालतात.