भटक्याची परतवाट

झ्युरिकजवळच्या रानात गणितज्ञ जॉर्ज पोल्या फिरायला जात, आणि एक तरुण जोडपे त्यांना पुनःपुन्हा सामोरे येई. आपण पाळत ठेवतोय असे त्या जोडप्याला वाटेल, या पोल्यांच्या संकोचातून गणित निघाले. चौकाचौकात नशिबावर हवाला ठेवून वळणारा भटक्या मूळ जागी परततो का? पोल्यांनी १९२१ मध्ये उत्तर छापले : सरळ रस्त्यावर किंवा सपाट जाळ्यात तो कधी ना कधी परततोच. तीन मितींत मात्र शंभरांतले चौतीसेकच परततात, बाकीचे कायमचे हरवतात.

मला भुरळ पडते ती यातल्या उलट्या वाटेची. मिती मोजायला अवकाशाबाहेर कशाला उभे राहायचे? आत भटक्या सोडावा आणि परतण्याचा हिशेब ठेवावा. पावले दुप्पट केल्यावर नेमके मूळ जागी असण्याची शक्यता निम्मी झाली तर मिती दोन, पाव झाली तर चार.

अँब्यॉर्न, युर्कीविच आणि लॉल या भौतिकशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये हेच केले. संगणकात त्यांनी चतुर्मितीय ठोकळ्यांची विश्वे रचली. कारण आधी, परिणाम मागाहून, ही शिस्त त्यांत पाळली होती. ती नव्हती तेव्हा विश्वांचा एक तर बोळा होई, नाहीतर नुसत्या फांद्या फुटत. मग भटके सुटले. लांबच्या फेरीत मिती आली ४.०२, अगदी आखूड फेरीत १.८०, पाव इकडेतिकडे. ठोकळा न् ठोकळा चार मितींचा, आणि त्यांच्यात अगदी जवळच्या जवळ घुटमळणाऱ्याला जेमतेम दोन! मध्ये कुठे पायरी नाही, उंबरा नाही. चाराचे साडेतीन, तीन, अडीच होत जाते.

त्याच वर्षी लाउशर आणि रॉयटर निराळ्या समीकरणांतून दोनावर पोचले; २००९ मध्ये होरावाही. दोन मितींत न्यूटनच्या स्थिरांकाला एककच उरत नाही आणि गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबातले अनंत आवरता येतात. म्हणूनच मला हे एकमत थोडे संशयास्पद वाटते : निसर्गाची खूण, की सूत्रांची सोय? मिती अशी घटते त्या १०⁻³⁵ मीटरच्या आसपास डोकावणारे उपकरण तर कोणाकडेच नाही.

पुढे २०१५ मध्ये त्याच ठोकळ्यांवरची अधिक बारीक मोजणी दीडाजवळ येऊन थांबली. खरे सांगायचे तर, त्या दीडाने मला हायसे वाटले.