मुंबई–कलकत्ता, व्हाया जबलपूर

मुंबईहून कोलकात्याला विमान साधारण अडीच तासांत पोहोचते. आकाशमार्गाने हे अंतर सुमारे 1,660 किलोमीटर. प्रयागराजमार्गे जाणारी हावडा मेल मात्र दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस घेते. त्या दिवसाच्या दुपारी जबलपूर येते. घाईच्या प्रवाशाला ते वाटेतले एक स्टेशन वाटेल. पण मुंबई आणि कलकत्ता रुळांनी पहिल्यांदा जोडली गेली ती इथेच.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून रात्री निघालेली गाडी कसाऱ्याला मागून ढकलणाऱ्या बँकर इंजिनांच्या जोरावर थळ घाट चढते. मनमाड, भुसावळ झोपेतच जातात. सकाळी इटारसीनंतर गाडी नर्मदेच्या खोऱ्यातून धावते. उजव्या हाताला सातपुडा, डावीकडे लांबवर नदी, मध्ये काळी, सपाट जमीन.

या पट्ट्यात रूळ उशिरा आले. कलकत्त्याकडून ईस्ट इंडियन रेल्वे 1867 मध्ये अलाहाबादमार्गे, म्हणजे आजच्या प्रयागराजमार्गे, जबलपूरपर्यंत पोहोचली होती. त्याच वर्षी मुंबईकडून जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, गाडी नागपूरला आली. राहिला तो नागपूर–जबलपूर हा मधला तुकडा. तिथे प्रवासी गाडीतून उतरून घोड्यांच्या डाकगाडीत बसत आणि सिवनीमार्गे धूळ खात जबलपूर गाठत. जीआयपीचा खांडवा–इटारसीकडून येणारा फाटा जबलपूरला भिडला आणि मार्च 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत मार्ग खुला झाला. सुएझ कालवा आदल्याच नोव्हेंबरात सुरू झाला होता. आता विलायतेची टपाल मुंबई बंदरात उतरायची आणि जबलपूरवरून थेट कलकत्त्याला जायची.

ही बातमी फ्रान्समध्ये ज्यूल व्हर्नपर्यंतही गेली. त्याच्या ‘ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा’ या कादंबरीच्या वेळापत्रकात मुंबई ते कलकत्ता रेल्वेने तीन दिवस धरले आहेत. गंमत अशी की, कथेतली गाडी मध्येच थांबते, पुढे रूळच नसतात आणि नायकाला अलाहाबादपर्यंत हत्ती विकत घ्यावा लागतो. कथा घडते 1872 च्या ऑक्टोबरात. तोवर खरी गाडी जबलपूरवरून सुरळीत धावत होती.

जबलपूरचा हा मान फार वर्षे टिकला नाही. बंगाल नागपूर रेल्वे 1900 च्या सुमारास हावड्याला पोहोचली आणि नागपूरमार्गे सुमारे दोनशे किलोमीटर वाचू लागले.

तरी जबलपूरला उतरावे. मराठ्यांनी 1781 मध्ये घेतलेले आणि 1817 मध्ये इंग्रजांच्या हाती गेलेले हे शहर मराठी माणसाला परके नाही. सकाळी खव्याची जिलबी खावी: रंगाने काळपट, जाड, पाक मुरलेली, एका वेढ्यातच पोट भरवणारी. मग भेडाघाट. धुवांधार धबधब्याचे तुषार लांबूनच अंगावर येतात. पंचवटी घाटावरून नाव निघाली की नावाडी यमके जुळवत संगमरवरी कड्यांची ओळख करून देतो: हा पांढरा, तो पिवळसर, पलीकडचा निळसर, आणि जिथे दोन्ही कडे जवळ येतात ती ‘बंदर कूदनी’.

परतीला विमान हवे असेल, तर आधी वेळापत्रक पाहावे. जबलपूरच्या डुमना विमानतळाची नवी इमारत मार्च 2024 मध्ये खुली झाली. मुंबई इथून सरळ रेषेत सुमारे 870 किलोमीटर. पण विमाने कमी होत गेली म्हणून त्याच वर्षी जूनमध्ये जबलपूरकरांनी ‘नो फ्लाइंग डे’ पुकारला, म्हणजे एक दिवस विमानात बसायचेच नाही. मेल त्या दिवशीही होतीच.