रणदिव्यांचा संघ

30 मार्च 2023, रामनवमी. स्वयंपाकघरात सुंठवड्याची सुंठ कुटली जात होती आणि मी बाहेरच्या खोलीत मोबाइल मांडीवर घेऊन बसलो होतो. आपल्याकडे सकाळ, पण अमेरिकेत पोर्टलंडला आदल्या दिवसाची रात्र. सॅक्रमेंटो किंग्ज 120-80 असे जिंकले आणि मी नको तेवढ्या मोठ्याने ओरडलो.

‘‘कोण जिंकलं?’’ आतून आवाज.

‘‘आपले.’’

‘‘आपले कोण?’’

‘‘रणदिव्यांचे.’’

सॅक्रमेंटो ही कॅलिफोर्नियाची राजधानी आहे, हे मला 2013 पर्यंत माहीत नव्हतं. त्या वर्षी पेपरात एक छोटी बातमी वाचली : तिथला बास्केटबॉल संघ सिएटलला हलवायचं घाटत होतं, ते टळलं, आणि संघ घेणाऱ्या मंडळींचे म्होरके होते विवेक रणदिवे. जुहूत वाढलेले. बातमीतलं बाकी सगळं विसरलो, आडनाव तेवढं धरून ठेवलं. एनबीएमधल्या तीस संघांतून नेमका सतत हरणारा संघ मी निवडला, त्याला एवढंच कारण. माणसं याहून किरकोळ कारणांनी जन्मभराच्या गाठी बांधून घेतात.

संघाचा मागचा इतिहास मी नंतर वाचला. या संघाचं एकमेव एनबीए विजेतेपद 1951 सालचं, तेही तो रोचेस्टरला होता तेव्हाचं. मग सिनसिनाटी, मग कॅन्सस सिटी, आणि 1985 साली सॅक्रमेंटो. लॉस एंजेलिस लेकर्सचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी या शहराला गाईगुरांचं गाव म्हणून हिणवलं, तर लोक गुरांच्या गळ्यातल्या घंटा घेऊन मैदानात आले आणि लेकर्सच्या कानाशी बडवू लागले. ही गोष्ट वाचली आणि हे लोक मला पोळ्याच्या मिरवणुकीतलेच वाटले.

2002 चा संघ फारच देखणा होता. वेबर, दिवाच, स्टोयाकोविच, बिबी. हंगामात 61 विजय. पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत समोर तेच लेकर्स. चौथ्या सामन्याच्या शेवटच्या क्षणी दिवाचने टोपलीजवळचा चेंडू जीव खाऊन बाहेर ढकलला, तो थेट रॉबर्ट हॉरीच्या हातात. त्याने तिथूनच तीन गुणांचा फटका मारला. 100-99. सहाव्या सामन्याच्या शेवटच्या बारा मिनिटांत पंचांनी लेकर्सना 27 फ्री थ्रो दिले. त्याबद्दल सॅक्रमेंटोचा माणूस आजही तावातावाने बोलतो. बोलू दे. मला मात्र सातवा सामना खुपतो. घरचं मैदान, घरचे लोक, आणि किंग्जने 30 पैकी 14 फ्री थ्रो दवडले. फ्री थ्रोला समोर कोणी अडवायला नसतं. पंचांनी लुटलं असं म्हणता येतं, म्हणून ते चौदा फटके कोणी मोजत नाही.

2006 नंतर सोळा हंगाम प्ले-ऑफ, म्हणजे बाद फेरी, नाही. एनबीएमध्ये इतकी वर्षं दुसरा कोणताच संघ बाहेर बसला नव्हता. या काळात अकरा प्रशिक्षक झाले, त्यातले सहा रणदिव्यांच्या पहिल्या नऊ हंगामांत. आमची आजी म्हणायची, भाताचं झाकण सारखं उघडलं की वाफ जाते आणि कणी राहते. डिसेंबर 2014 मध्ये संघाचा मुख्य खेळाडू कझिन्स मेनिंजायटिसने आजारी होता, काही सामने हातचे गेले, आणि प्रशिक्षक मायकेल मलोनना काढलं. त्याच मलोनांनी 2023 साली डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिलं. 2018 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, दुसरी निवड किंग्जची होती. त्यांनी बॅगली घेतला, लुका डॉन्चिच सोडला. निवड करणारे व्यवस्थापक कोण, तर दिवाच. पुन्हा चेंडू भलत्याच हातात.

4 आणि 5 ऑक्टोबर 2019 ला हाच संघ वरळीत एनएससीआयच्या डोममध्ये खेळला. एनबीएचे भारतातले ते पहिले सामने. इंडियाना पेसर्सनी दोन्ही जिंकले. पहिला जादा वेळेत 132-131, दुसरा 130-106. रणदिव्यांना आपल्या जन्मगावीसुद्धा एक विजय मिळू नये, याचं मला घरच्या कार्यात विघ्न आल्यासारखं वाईट वाटलं. त्या वेळी पेसर्सकडे सबोनिस नावाचा धिप्पाड लिथुआनियन होता. फेब्रुवारी 2022 मध्ये किंग्जनी आपला उमदा हॅलिबर्टन देऊन तोच सबोनिस घेतला, तेव्हा मी चार दिवस धुसफुसत होतो. पुढच्याच हंगामात 48 विजय! रामनवमीचा तो त्यातलाच एक. विजयानंतर मैदानाच्या छतावरून आकाशात जांभळा झोत सोडायची प्रथा तेव्हाची. किंग्जचे माइक ब्राऊन एकमताने वर्षाचे सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले.

प्ले-ऑफची पहिली फेरी गोल्डन स्टेट वॉरियर्सशी. सातवा सामना आपल्याकडे रात्री एकला सुरू झाला, तारीख 1 मे. वॉरियर्सच्या स्टेफन करीने 50 गुण केले. आपले 120-100 असे हरले. पहाटे साडेतीनला दिवा मालवला आणि सकाळी सोसायटीच्या झेंडावंदनाला डोळे चोळत उभा राहिलो.

पुढच्या वर्षी 46 विजय मिळवूनही प्ले-ऑफ हुकला. डिसेंबर 2024 मध्ये ब्राऊनना घरी पाठवलं. आला का पुन्हा झाकणावर हात! दोन महिन्यांत फॉक्स गेला, ज्याच्यावर सगळा खेळ उभा होता. हंगाम 40 विजयांवर संपला, आणि तिकडे हॅलिबर्टनने 2025 मध्ये इंडियानाला अंतिम फेरीत नेलं.

इतकी वर्षं मित्रांशी मी रणदिव्यांची बाजू घेऊन भांडलो. आडनाव जोशी-कुलकर्णी-रणदिवे असलं की आपण माणसाला दोन चुका माफ करतो, तिसरीला कारण शोधतो. संघ त्या गावातून जाऊ दिला नाही, भर गावात नवं स्टेडियम उभं केलं, हे श्रेय त्यांचंच. पण त्यानंतर त्यांनी स्वयंपाकघरात यायला नको होतं.