आदेश पाळतं ते मूल

संपादकांनी 'घटस्फोट का वाढताहेत?' असा विषय सुचवला होता. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक आहे आणि सध्या माझ्या डोक्यातून एक आठ वर्षांचा मुलगा जात नाही. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून त्याच्याबद्दलच लिहिते.

भेटीचा आदेश असा: पहिला आणि तिसरा शनिवार, अकरा ते एक, न्यायालयातला बालकक्ष. पहिल्या भेटीला वडिलांनी मुलाला बूट आणले होते. वर्षभर त्याचा पाय पाहिला नव्हता, त्यामुळे बूट एक नंबर लहान. मुलाने बोटं आत ओढून घेतली, बूट कसेबसे चढवले आणि "बरोबर होतात बाबा" म्हणत कक्षात दोन फेऱ्या मारून दाखवल्या. एक वाजता ते काढून कपाटामागे ठेवले. बाहेर आईने विचारलं, "काय दिलं?" "काही नाही."

कागदोपत्री त्या दिवशी सगळं रीतसर झालं. आईने वेळेवर आणलं, वडील वेळेवर आले. पण दोघांपैकी कोणालाही दुखवायचं नाही हे अवघड काम त्या पोराने एकट्याने केलं.

पुढे तो यायलाच नाही म्हणू लागला आणि लगेच वडिलांचा अर्ज आला: आईने मुलाला पढवलंय, हा 'पेरेंटल एलिएनेशन सिंड्रोम' आहे. याबद्दल मला जरा सविस्तर बोलू द्या. ही संज्ञा अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रिचर्ड गार्डनर यांनी १९८५मध्ये मांडली. डीएसएम-५ या रोगनिदानाच्या ग्रंथात ती आजार म्हणून नाही. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने विवेक सिंग विरुद्ध रोमानी सिंग (२०१७) या निकालात तिची दखल घेतली. मात्र २०२४मध्ये कर्नल रमणीश पाल सिंग प्रकरणात त्याच न्यायालयाने बजावलं, की दुरावा निर्माण करणारं नेमकं कोणतं वागणं घडलं हे हेरल्याशिवाय घाईने कोणत्याही पालकावर असा शिक्का मारू नये. पहिला निकाल सगळ्यांना पाठ असतो, दुसऱ्याची आठवण करून द्यावी लागते. पढवलेली मुलं मी पाहिली आहेत, नाही असं नाही. पण मूल नकार देतं तेव्हा कारणं अनेक असतात. कधी त्याने मारहाण पाहिलेली असते, कधी दोन तास त्या खोलीत करायला काही नसतं, कधी ते दोन्हीकडे खोटं बोलून थकलेलं असतं. माझ्या मते हा मुलगा थकला होता. अहवालात मी तसं लिहिलं. दोन्ही वकिलांनी त्यातलं आपापल्या सोयीचं वाक्य उचललं.

म्हणून माझं म्हणणं आहे, की विभक्त होताना मुलांशी कसं वागायचं हे आईवडिलांना शिकवा, आणि ते घटस्फोटाचा अर्ज दाखल होतो तेव्हाच. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत १९९९पासून तसा कायदा आहे. मुलांचा ताबा, भेट किंवा खर्च हा मुद्दा असला की दोघांनाही वर्ग करावा लागतो. दोघांना एका सत्रात बसवत नाहीत. हिंसाचारापासून संरक्षणाचा आदेश असेल, तर ते प्रकरण वगळतात. डेन्मार्कने २०१९मध्ये तीन महिन्यांच्या विचारकाळाला सक्तीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाची जोड दिली. आपणही परस्परसंमतीच्या अर्जात, म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-बमध्ये, सहा महिने थांबवतो. २०१७च्या अमरदीप सिंग निकालानंतर ती मुदत माफही होऊ शकते. पण थांबवतो तेव्हा त्या काळात मुलांविषयी काही शिकवायची सक्ती कायद्यात नाही.

एवढ्याने मुलांचं भलं होतं का? अशा एखाद्या छोट्या वर्गाबद्दल मी छातीठोकपणे सांगणार नाही. ॲरिझोनातल्या संशोधकांनी २४० कुटुंबांवर अकरा गटसत्रांचा कार्यक्रम तपासला होता. आयांबरोबर मुलांचेही गट घेतले, तिथे सहा वर्षांनंतरही मुलांमध्ये मानसिक आजारांचं प्रमाण कमी आढळलं. अकरा सत्रं! आमच्याकडे तारखांच्या रेट्यात एका जोडप्याला सलग तासभर देणं कठीण जातं.

लोकांना वाटतं समुपदेशक म्हणजे नांदायला परत पाठवणारी बाई. त्यामुळे माझ्यासमोर बसणारा आधीच हाताची घडी घालून बसतो. कुटुंब न्यायालय कायदा १९८४चा. त्याच्या नवव्या कलमात समेटाचा प्रयत्न सांगितला आहे हे खरं, पण समेट म्हणजे एका छपराखाली राहणंच नव्हे. शाळेची फी, गणपतीत मूल कुठे, आजारी पडलं तर फोन कोणी करायचा, हे ठरवणंही समेटच आहे. "कोर्ट आम्हाला मूल वाढवायला शिकवणार का?" असंही विचारतात. मूल कसं वाढवायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. विभक्त झाल्यावर, एकमेकांचा राग असताना कसं वाढवायचं, ते तुम्हाला कोणी दाखवलेलं नाही.

मी पाहिलेल्या परदेशी अभ्यासक्रमांत पालक दोघंच गृहीत धरलेले असतात. आपल्याकडे 'तुझा बाप तसलाच' हे मुलाला आईपेक्षा आजी किंवा मामा अधिक वेळा सांगतात, आणि 'आईने तुला विकलं' हे आत्या सांगते. ही माणसं सहसा पक्षकार नसतात, त्यामुळे त्यांना वर्गाला बसवणारा आदेश कसा काढायचा याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण पहिल्या सत्राला घरातल्या एका मोठ्या माणसाला सोबत आणा, एवढं समुपदेशक सांगू शकतो. त्याला नवा कायदा लागत नाही. त्या मुलाच्या आजीला मी पुढच्या तारखेला बोलावलं आहे, आणि वडिलांच्या बहिणीलाही.